वैशालीचं मिठागर

वैशाली आज सकाळी गेली.

दोन वर्षं आजारी होती. फार कुणाला सांगितलं नव्हतं तिने.

आर्ट कॉलेजात आम्ही एका वर्गात. मी डोंबिवलीत ड्रॉइंग टीचर झालो. ती कोलशेतला, घरामागच्या शेडमध्ये भट्टी लावून सिरॅमिक करत राहिली.

तिच्या वडिलांना, आप्पांना, ते पटायचं नाही. जन्म मिठागरात काढलेला माणूस.

"आमी चिखलातशी भायेर आलो, न तू परत चिखलान?"

मिठागर गेलं, तिथे टॉवर आले. खाली सोसायटीची बाग. सिमेंटचे खडक, नकली टेकडी, बटण दाबलं की धबधबा.

वैशालीने त्याचंच इन्स्टॉलेशन केलं.

गॅलरीच्या हॉलमध्ये अर्ध्या जमिनीवर चकचकीत हिरव्या ग्लेझच्या टेकड्या. उरलेल्या अर्ध्यात मिठागराचे वाफे आणि बांध, खाडीच्या गाळाचे, नुसते भाजलेले.

उद्घाटनाला अर्धा तास असताना आप्पा आले. बोलावलेलं, पण येतील असं तिला वाटलं नव्हतं.

चपला काढून वाफ्यांपाशी उकिडवे बसले. बराच वेळ.

"बाय, यो बांध चुकलाय. खाडीचा पानी आत येल कुठशी?"

मी हळूच म्हटलं, "आप्पा, हे आर्ट आहे. खरं पाणी नाही येणार."

वैशालीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या शेजारी बसली.

"मंग कुठशी? दाखव ना."

पाहुणे बाहेर ताटकळले. गॅलरीवाल्या बाई दोनदा डोकावून गेल्या. आत बापलेक एकेक बांध उचलून जागा बदलत होते.

आप्पांच्या हातून एक बांध पडून फुटला. ते कावरेबावरे झाले.

"असू दे. बांध फुटतातच," ती म्हणाली. तुकडे तसेच ठेवले.

दार तासभर उशिरा उघडलं.

मग प्रदर्शन संपेपर्यंत आप्पा रोज यायचे. खुर्ची टाकून बसायचे. पाणी आधी कुठे थांबतं, मीठ कधी धरतं, येईल त्याला सांगायचे.

शेवटच्या दिवशी एका बाईंनी विचारलं, "हे तुम्ही केलंय का?"

"नाय. माझे पोरीनं."

वैशाली मागेच उभी होती. ती बाहेर गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते.

आज दुपारी स्मशानात आप्पांशेजारी उभा होतो.

"तू न ती एकत्रच शिकलाव ना रं?"

"हो, आप्पा."

त्यांनी चितेकडे पाहिलं.

"बेस शिकली ती."

वैशाली, तुला मनापासून निरोप.