कुंडीतल्या अननसाचा शेंडा

आमच्या ह्यांना झटका आला आणि उजवा हात गेला. म्हणजे हात जागेवर होता, पण बोटं मिटत नव्हती. चांदवडकडची द्राक्षबाग आधीच धाकट्या दिरांच्या स्वाधीन केली होती, म्हणून मुलाने आम्हा दोघांना गंगापूर रोडच्या त्याच्या फ्लॅटवर आणलं. हाताचे व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, "काकू, काकांना चेंडू दाबायचा कंटाळा येतो. त्यांच्या आवडीचं काहीतरी काम द्या." जन्मभर द्राक्षांत वावरलेल्या माणसाला गॅलरीत काय काम देणार, कपाळ!

त्याच आठवड्यात घरात अननस चिरला होता. त्याचा पानांचा तुरा मी पिरगळून काढला, खालची पानं सोलली, चार दिवस सुकू दिला आणि भरपूर वाळू घातलेल्या मातीत लावला. पाणी साचलं की तो कुजतो. माती दाबायचं काम ह्यांना दिलं. डाव्या हाताने उजवा हात धरून त्यांनी ती दाबली.

अननस हे भलतंच हट्टी झाड. महिनोन्महिने ढिम्म बसून राहतं आणि येता-जाता काट्यांनी पदर धरतं. ह्यांचा स्वभावही तसाच, म्हणून दोघांचं जमलं. सकाळी खुर्ची गॅलरीत टाकून पाण्याचा मग मी ह्यांच्या उजव्या हाताला रुमालाने बांधून द्यायचे. अर्धं पाणी पायांवर, अर्धं कुंडीत. अननसाला तेवढंच पुरायचं. कडाक्याच्या थंडीत रात्री कुंडी आत यायची, तेव्हा सून म्हणायची, "आई, अननस बाजारात मिळतात की." तिला काय सांगणार? मला फळ नकोच होतं, बोटं हवी होती. झाडाला फळ धरेल तेव्हा बोटंही मिटतील, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. वेडेपणा, दुसरं काय.

या वर्षी थंडी सरताना पानांच्या मधोमध लालसर गाठ दिसू लागली. मी घरभर सांगत सुटले. ह्यांनाही दहादा सांगितलं, "अहो, हेच फळ बरं का."

मग एका सकाळी चहा घेऊन गॅलरीत गेले, तर बागेतून येताना आणलेली छाटणीची कात्री ह्यांच्या उजव्या हातात. रुमाल नाही, डाव्या हाताचा आधार नाही. बोटं मिटलेली. "अहो, हात! हात मिटला तुमचा!" मी ओरडलेच. आणि मग फरशीवर पडलेली ती लाल गाठ दिसली.

"शेंडा मारला," ते म्हणाले. "त्याबिगर घड फुगत नाय."

वेलीचा वाढता शेंडा खुडला की जोर घडांत उतरतो, हे द्राक्षांचं. अननसाचं फळ शेंड्यातच येतं. पण मला धसका बसला तो वेगळाच. बागांमध्ये तेव्हा काढणी चालू होती, शेंडे मारायचं काम केव्हाच उरकलेलं. कुठलं काम कधी करायचं हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणारा हा माणूस ऐन काढणीत शेंडे मारत होता.

"अहो, आता कसले शेंडे? काढणी चाललीये."

कामचुकार मजुराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाया कुठं गेल्या? लय शेंडे राह्यलेत."

हात यावा म्हणून मी देव पाण्यात घातले होते. तो आला, आणि मला आनंद करता येईना. मी हाताची वाट बघत होते तेवढ्यात डोकं निघून चाललं होतं. कात्री काढून घ्यायला गेले तर सोडेनात, इतकी घट्ट पकड.

"ही ओळ झाली," ते म्हणाले. "बाकीच्या उद्या उरकू."

गॅलरीत ती एकच कुंडी होती. मी म्हटलं, "हो, उद्या."