गेटवरचा सोनेरी लेथ

आमच्या अध्यक्षांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "सर, संस्थेला पंचवीस वर्षं होताहेत. स्मरणिकेत इतिहास तुम्ही लिहा. तुमचं मराठी चांगलंय. इमारतींवर भर द्या." मी हो म्हणालो. हो म्हणायची सवय माझ्या हाडीमासी भिनलेली आहे, आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो तिचाच. चार पानं लिहून दिली. त्यात कमान आहे, सभागृह आहे, कारंजं आहे. त्यात जे नाही ते इथे लिहितो.

अहमदपूरच्या बाहेर माळावर आमचं औद्योगिक प्रशिक्षण केंद्र आहे. दहावी झालेली पोरंपोरी इथे दोन वर्षांत टर्नर होतात, असं बोर्डावर लिहिलेलं आहे. सुरुवात झाली ती धान्याच्या मोंढ्यामागच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत. मी पहिल्या तुकडीचा विद्यार्थी. तेव्हा एकच लेथ होता, म्हणजे टर्नर ज्यावर लोखंडाचा तुकडा गरागरा फिरवून त्याला आकार देतो ते यंत्र. नांदेडच्या एका बंद कारखान्यातून आणलेला. तो उतरवायला मोंढ्यातले हमाल हातातलं काम टाकून आले होते. आमचे तेव्हाचे सर इतके खडूस, की मापात केसाएवढा फरक राहिला तरी आम्ही केलेला जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, भंगारात फेकायचे. त्या माणसाच्या शिव्या खाऊन आम्ही सगळे कुठे ना कुठे पोटाला लागलो; मी इथेच, शिकवायला.

मग आमचा विकास झाला. माळावर जागा मिळाली. आधी कमान उभी राहिली, नंतर तिच्यामागे कॉलेज. एकाच इमारतीला तीन कोनशिला आहेत, कारण तीन पाहुणे तीन वेगवेगळ्या वेळी मोकळे झाले. फार्मसी आलं, इंग्रजी शाळा आली, डी.एड. आलं आणि गेलं. वर्कशॉपच्या वाट्याला कॅन्टीनमागची शेड आली. आणि एके दिवशी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं म्हणून त्या जुन्या लेथला सोनेरी रंग फासला आणि कमानीजवळ चौथऱ्यावर सिमेंटात गाडून टाकला. चालता लेथ. आदल्या आठवड्यापर्यंत पोरं त्याच्यावर शिकत होती. आता त्याच्याशेजारी उभं राहून लोक फोटो काढतात.

शिकवायला मग काय? संस्थेची दुसरी शाखा हदगावकडे आहे. तिथे दोन चांगले लेथ आहेत. आमच्याकडे तपासणी लागली की ते टेम्पोत बसून येतात, समिती चहा-नाश्ता करून गेली की ताडपत्री बांधून परत. कागदोपत्री ते दोन्हीकडे आहेत. टेम्पोवाला हॉर्न देऊन ओरडतो, "सर, पाव्हणे आले, उतरवा." आम्ही सगळे हसतो. मीही हसायचो.

मी पोरांना शेडच्या फरशीवर खडूनं लेथ काढून शिकवतो. पूर्ण आकाराचा. इथे तुकडा पकडणारा चक, इथे कापणारं टूल, इथे उभं राहायचं. पोरं त्या रेघांपुढे उभी राहून हवेत चाक फिरवतात. दोन वर्षं. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं येऊन बघावं.

दोन वर्षांपूर्वीच्या तुकडीत एक मुलगी होती. टर्नरला एकटीच. तासाभराच्या अंतरावरच्या गावातून एस.टी.नं यायची. वडील दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचे, त्यामुळे घरात यंत्राची भाषा होती. फरशीवरचा लेथ ती इतका मन लावून चालवायची की मला तिकडे बघवायचं नाही. परीक्षेला दोन महिने राहिले तेव्हा तिनं विचारलं, "सर, गेटवरली मशीन चालती का?"

"चालते. का?"

"मंग ती खाली काढा ना. मला परीक्षेआधी एकदा तरी खरं लोखंड कापायचंय."

मी अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, "अहो, कारंज्याचं लायटिंग बरोबर त्याच्यावर पडतंय. आणि परीक्षेला हदगावहून येणारच की मशीन." मी बरं म्हणालो आणि बाहेर आलो. लातूरला माझ्या मित्राचं वर्कशॉप आहे, तिला आठ दिवस तिकडे नेता आलं असतं. सुचलं नव्हतं असं नाही. रोज तिला नेऊन आणताना घरी जायची संध्याकाळची गाडी चुकली असती. माझी.

परीक्षेला लेथ आले, पण बाहेरचे परीक्षक दुपारच्या जेवणानंतर आले आणि त्यांना घाई होती. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे जॉब तयारच होते. मित्राच्या वर्कशॉपमध्ये मीच ते आधी करून आणले होते, प्रत्येक विद्यार्थ्याचा एकेक, केसाएवढाही फरक नसलेले. त्यावर फक्त परीक्षा क्रमांक ठोकायचा राहिला होता. ती हळूच म्हणाली, "सर, माझा नंबर मी ठोकू का?" तिनं हातोडी घेऊन नंबर ठोकला. दोन वर्षांत तिच्या हातून लोखंडावर झालेलं काम ते एवढंच. ती पहिल्या वर्गात पास झाली.

महिन्याभरानं नांदेडच्या एका कारखान्यानं तिला नोकरीसाठी बोलावलं. तिथे जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"सर, त्यांनी लोखंड हातात देऊन म्हणलं, बांध मशीनवर. मला मशीन चालू करायलाच येईना. सगळी हसली. बापाला वाटायलंय की मीच टाइमपास केला दोन वर्षं. तुम्ही घरी येऊन त्याला खरं सांगा."

मी गेलो. खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. वडिलांनी अंगणात खाट टाकली, चहा मागवला. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मी म्हणालो, "तिथली जागा आधीच भरली होती हो. उगीच बोलावलं पोरीला."

त्यांचा चेहरा सैल झाला. "असं व्हय. मला वाटलं हिलाच येत न्हाई." त्यांनी तिला जवळ बोलावलं, तिचे दोन्ही हात धरून माझ्यापुढे पालथे-उताणे केले. "बघा सर, दोन वर्षं लोखंडात काम केलं पोरीनं, पण हातावर एक ओरखडा न्हाई. लई हुशारीनं शिकली."

तिनं हात सोडवून घेतले आणि माझ्याकडे न बघता आत गेली.