दुसऱ्या मापाचं चाक

पेरणी यंत्र आम्ही पातूरजवळच्या एका गावातून आणलं. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी वावर मक्त्यानं दुसऱ्याला कसायला देऊन टाकलं होतं आणि घरातली अवजारं एकेक करून काढत होते. त्या वर्षांत अशी यंत्रं बरीच मिळत. हे गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं, वर कोंबड्या बसत असाव्यात. बाबांनी फण वाजवून पाहिले. बियाण्याच्या पेटीत हात घातला तर तळाला गंजून भोकं पडली होती. जमिनीवरून फिरणारं चाकही तडकलेलं होतं. विकणाऱ्यानं घासाघीस केली नाही. "न्या, पण आजच न्या," एवढंच म्हणाला आणि आम्ही यंत्र चढवेपर्यंत घरातून बाहेर आला नाही.

आमच्याकडे एक जुना ट्रॅक्टर होता. पेरणीच्या दिवसांत तो उभाच राहायचा, कारण मागे जोडायला यंत्र नव्हतं. यंत्र आलं की गावातली पेरणी आपल्याकडे येईल, असा बाबांचा विचार होता. अमरावतीला माझं कॉलेजचं दुसरं वर्ष होणार की नाही हे त्यावरच होतं. घरात तसं कोणी बोललं नाही, पण मला माहीत होतं.

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे आकड्यांचं जे काही असेल ते माझ्याकडे यायचं. पंधरा दिवस आम्ही दोघं त्या यंत्राला लागलो होतो. तेलाच्या डब्याचे पत्रे कापून पेटीचा तळ बसवला. गच्च झालेली साखळी डिझेलमध्ये भिजत ठेवली. मग मी माप घेतलं. हे यंत्र असं चालतं: चाक जमिनीवर फिरतं, त्याच्या साखळीनं पेटीतला दांडा फिरतो आणि बी नळ्यांतून खाली पडतं. मी चाक उचलून हातानं फिरवलं, खाली धोतर अंथरून पडलेलं बी तोललं, आणि किती फेऱ्यांना किती बी ते वहीत मांडलं. बाबा वहीकडे बघत राहिले. त्यांना त्यातलं फार कळत नव्हतं, पण ती वही त्यांनी तेलकट हात लागू नये म्हणून स्वतः उचलून घरात ठेवली.

दोन दिवसांनी अंगणातच ते तडकलेलं चाक पार तुटलं.

आम्ही अकोल्याला भंगार बाजारात गेलो. तिथल्या मिस्त्रीचाचांनी ढिगातून दुसऱ्याच बनावटीच्या यंत्राचं चाक काढलं. जुन्यापेक्षा ते वीतभर मोठं होतं. मधलं भोक त्यांनी घासून जुळवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "कॉलेजवाले, चाक बदललं तं माप पुन्हा घेजो. दोन मिनटाचं काम हाये, पन इसरू नको."

"घेतो चाचा," मी म्हणालो.

"त्याले सांगा लागत नाई," बाबा म्हणाले. "त्याचं डोकं लय चालते."

"डोकं सगळ्यायचंच चालते भाऊ, हात चालत नाई."

बाबा हसले. मीही हसलो.

दुसऱ्याच सकाळी जमिनीला वाफसा आला. माती ना चिकट, ना कोरडी. हे असे दोन-तीन दिवसच मिळतात. पहिलं बोलावणं शेजारच्या काकूंचं होतं. त्यांचे यजमान गेल्यापासून त्या पाच एकर एकट्याच पाहत. बियाणं घरचंच, सोयाबीनचं, मागच्या वर्षी पावसात भिजलेलं. त्यांनी ओल्या पोत्यात दाणे ठेवून पाहिले होते. बरेच उगवलेच नव्हते. "दाट टाकजो बाबू," त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, आणि मी वहीत तसं वाढवूनही घेतलं होतं. माप मात्र पुन्हा घेतलं नाही. वहीत लिहिलेलं होतं, म्हणजे झालेलं होतं, असं काहीसं माझ्या मनात असावं.

काकूंनी पंचवीस वर्षं बैलांच्या तिफणीमागे चाडं धरलं होतं. चाडं म्हणजे लाकडी नरसाळं. त्यात मुठीनं बी सोडत बाई तिफणीमागे चालते. दोन तासं, म्हणजे ओळी, पेरून झाल्यावर त्या वाकल्या, बोटानं माती उकरली आणि ट्रॅक्टरला हात केला.

"बी पातळ पडून राहिलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडून दाखवली. फेऱ्या, वजन, एकरी किती, सगळं समजावलं. काकूंना वाचता येत नव्हतं. त्या वहीकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"मुठीची सवय हाये तुमची, वहिनी," बाबा म्हणाले. "मूठ सैल सुटते. मशीन मोजून टाकते."

"आता तुमी शिकले-सवरले लोक," काकू म्हणाल्या. "मले का कळते."

दुपारी पेरणी झाली तेव्हा पाच पोत्यांतलं दीड पोतं बी उरलं होतं. बाबा खूश होते. बांधावर आलेल्या दोघा-तिघांना ते पोतं दाखवत होते: "पाय, मशीनची पेरनी! बियाची बचत!" तिथंच आणखी तीन वावरांची पेरणी ठरली. काकूंनी उरलेल्या पोत्यावर हात ठेवला आणि पुन्हा मलाच विचारलं, "एवढं कावून उरलं रे?"

"मशीन वाया घालवत नाही, काकू."

हे मी म्हणालो. पण चाचांचं बोलणं तेव्हा आठवलं. घरी आल्यावर बाबा जेवायला बसले तेव्हा मी सुतळी घेऊन नव्या चाकाला गुंडाळली, मग तुटलेल्या जुन्या चाकाला. मोठं चाक एका फेरीत जास्त दूर जातं, म्हणजे तेवढंच बी जास्त जमिनीत वाटलं जातं. वही काढायची गरजही नव्हती. काकूंच्या वावरात एकतृतीयांश बी कमी पडलं होतं.

तेव्हाच सांगितलं असतं तर उरलेलं बी त्यांच्या घरात होतं. ओल होती. मजूर लावून ते हातानं मातीत डोबता आलं असतं, किंवा आम्हीच पुन्हा एक फेरी मारली असती. पण आत बाबा आईला ती तीन वावरं सांगत होते. इतक्या मोठ्या आवाजात ते घरात कधी बोलत नसत. मी बी कमी-जास्त करायचा खटका दोन घरं पुढं सरकवला, माप घेतलं, बरोबर आलं. यंत्र दुरुस्त झालं होतं. कोणाला काही सांगितलं नाही.

पुढची तिन्ही वावरं चांगली उगवली. काकूंच्या वावरात मात्र माणूस आडवा झोपेल एवढ्या जागा जागोजाग रिकाम्या होत्या. लोक बघून जात. काकू म्हणत, "माह्या बियाचीच खोट." बाबाही तेच म्हणाले, मनापासून. उरलेलं बी काकूंनी तोवर बियाणं नसलेल्या एकाला देऊन टाकलं होतं.

निंदणाच्या वेळी मी त्यांच्याकडे गेलो. पीक पातळ असलं की मधल्या मोकळ्या जागेत तण माजतं. त्या एकट्याच उपटत होत्या. मी खाली बसून उपटायला लागलो आणि मान वर न करता सांगून टाकलं. चाकाचं, सुतळीचं, त्याच दिवशी कळल्याचं.

त्यांचा हात थांबला.

"त्याच दिवशी?"

"हो."

"बी घरातच होतं न माह्या." त्यांनी विचारलं, "बापाले सांगतलं?"

"नाही."

"नोको सांगू." मग माझ्या हातातलं तण त्यांनी काढून घेतलं. "जाय आता. माहं मी करतो."

कॉलेजची फी भरली गेली. मी अमरावतीला आलो. सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्याच्या पेरणीच्या वेळी बाबांचा फोन आला. यंत्राला कामं बरी मिळत होती, फक्त काकूंनी नाही म्हटलं होतं. त्यांनी कुणाची तरी बैलजोडी आणि तिफण मागून आणली होती आणि चाडं स्वतः धरलं होतं.

"वहिनीले काय झालं रे?" बाबांनी विचारलं. "तुले काई बोलल्या का?"

"नाही," मी म्हणालो. "मला काही माहीत नाही."