वेणूआत्याच्या दोन खोल्या

बापूकाका दारात उभे दिसले तेव्हाच मनात काहीतरी हलले. ठाण्याला आमच्याकडे ते कधी येत नसत, आणि आले तेही आत आले नाहीत. टोपी हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आईने पाणी पुढे केले, ते घेतले नाही. "वहिनी गेल्या," एवढेच म्हणाले... आणि जरा थांबून, "सकाळी बंबाकडे आल्या नाहीत, म्हणून हिने जाऊन पाहिलं."

वेणूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण आणि बापूकाका तिचे धाकटे दीर. कल्याणला पारनाक्याजवळच्या त्यांच्या घराची दोघा भावांत फार पूर्वीच वाटणी झाली होती. पुढच्या दोन खोल्या आत्याच्या यजमानांच्या, मागचे घर बापूकाकांचे. अंगण, विहीर आणि अंघोळीच्या पाण्याचा बंब मात्र एकच. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हते. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे आत्याला त्या खोल्यांत मरेपर्यंत राहता येत होते. त्या कुणाच्या नावाने करणे तिच्या हातात नव्हते, तिच्या मागे त्या दिराकडे जायच्या. आत्या हसून म्हणायची, "मी स्टेशनातल्या वेटिंगरूममधली बाई. बसायला बाक आहे, पण बाकावर नाव घालायचं नाही."

मी सुट्टीत तिच्याकडे जायची. इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी मुलगी सगळ्यांच्या चेष्टेचा विषय असते. आत्या मला कधी "बोल की गं" म्हणाली नाही. ती शेंगा सोलत बसायची, मी शेजारी बसायची. तेवढे पुरे असायचे.

नव्या वारसा कायद्याची चर्चा गावभर सुरू झाली तेव्हा मी तिथेच होते. बापूकाकांनी एक कागद तयार करून आणला होता. खोल्यांवर आपला काही हक्क नाही, असे आत्याने लिहून द्यायचे. ती सही करणारही होती. पण देवळात कुणीतरी तिला सांगितले होते की हा कायदा विधवांनाही लागू आहे.

"छे हो वहिनी! लेकींना वाटा मिळायचा कायदा आहे तो. तुमचा काय संबंध?" बापूकाका म्हणाले. त्यांची इतकी खात्री होती की त्यांनी कचेरीतून इंग्रजी वर्तमानपत्र मुद्दाम मागून आणले. "ही आहे ना तुमची मडमेच्या शाळेतली भाची! वाच गं. मोठ्याने वाच, आणि मराठीत सांग. सगळ्यांना कळू दे."

मी वाचले. मराठी शब्द सुचत नव्हते, पण अर्थ अगदी सरळ होता. विधवेकडे आजवर राहण्यापुरती असलेली मालमत्ता यापुढे पूर्णपणे तिच्या मालकीची.

"पुन्हा वाच," बापूकाका म्हणाले.

पुन्हा वाचले. अर्थ तोच निघाला. मागच्या दारात सुमतीकाकू, बापूकाकांची बायको, पळी हातात धरून उभी होती. तिची आमटी उतू गेल्याचा वास आला, पण कुणी हलले नाही. आत्याने कागदाची घडी घातली आणि दिरापुढे ठेवली. "राहू द्या भाऊजी हा. सही करावीशी वाटत नाही आता."

दुसऱ्या दिवसापासून मागच्या घराने बोलणे टाकले. भांडण नाही, आदळआपट नाही. इतकी वर्षे सकाळी सुमतीकाकूची हाक यायची, "वहिनी, पाणी काढलंय हो!" ती हाक बंद झाली. मागच्या घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी आटोपल्या की बंबाचे झाकण वाजायचे. त्या आवाजावरून आत्या ओळखायची की आता आपण जायचे. ती आधीच पदर खोचून, घागर घेऊन दाराआड उभी असायची. मी ते पाहिले आहे...

पुढच्या उन्हाळ्यात तिने मला पापडांसाठी बोलावून घेतले. दर वर्षी दोघी जावा मिळून पापड करायच्या. उडदाचे पीठ एकटीने कुटून होत नाही. माझा पहिला पापड तिने उजेडाकडे धरून पाहिला. "हा कुठला देश म्हणायचा? तुमच्या शाळेत नकाशे फार शिकवतात वाटतं." आम्ही दोघी हसलो. पलीकडे सुमतीकाकूच्या मुसळाचा आवाज येत होता. तीही एकटीच कुटत होती. आत्या हसायची थांबली.

त्याच दुपारी ती म्हणाली, "मृत्युपत्र केलंय मी. खोल्या सुमतीला."

"बापूकाकांना?"

"सुमतीला म्हटलं मी. तिच्या एकटीच्या नावावर. त्या घरात इतकी राबते, पण पितळेचा डबा देखील तिचा म्हणून नाही."

"मग सांग ना काकूला. आजपासून बोलायला लागेल."

आत्याने पिठाचा गोळा जवळ ओढला. पीठ तिंबत राहिली. मग म्हणाली, "म्हणूनच नाही सांगायचं. खोल्यांसाठी बोलली, तर ते बोलणं घेऊन मी काय करू? आपणहून बोलेल तर बोलेल. तू गप्प राहायचंस. तुला ते छान जमतं."

मी गप्प राहिले. सुमतीकाकू बोलली नाही. मधल्या काळात मी अनेकदा गेले. प्रत्येक वेळी मी विचारायच्या आधीच आत्या मान हलवून "नाही" म्हणायची, आणि मग स्वतःच विषय बदलायची.

दिवसकार्य झाल्यावर वकिलांनी सगळ्यांना मृत्युपत्राचे सांगितले. बापूकाका उठून अंगणात गेले. काकू तिथेच बसून राहिली.

गेल्या आठवड्यात आत्याची पुस्तके आणायला मी कल्याणला गेले. दुपारची वेळ होती. पुढच्या खोलीचे दार लोटलेले होते आणि आतून बोलण्याचा आवाज येत होता. कुणी पाहुणे असतील म्हणून मी ओटीवरच थांबले. आवाज एकट्या सुमतीकाकूचाच होता.

"...आज पडवळ केलं, वहिनी. यांना आवडत नाही, पण केलं. आणि हे म्हणतात, मागचं मोठं कपाट इकडे आणून ठेवू. मी म्हटलं, थांबा, विचारते."

मग ती थांबली. उत्तर यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ... मीही बाहेर हलले नाही.