डोक्यावर थोपटणारा सुकमान दाइ

सुकमान माझीच्या तोंडून "दुखतंय" हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. नेपाळातल्या त्रिशूली नदीवर मी राफ्ट हाकतो. पुढे पाहुणे वल्ही घेऊन किंचाळत असतात, मागे मी त्यांच्यावर ओरडत असतो. सुकमानला मी दाइ म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ; तो आमच्या आसपास एकट्याच्या कयाकमध्ये असतो. कोणी पाण्यात पडलं की उचलून आणायचं, हे त्याचं काम.

पाण्याच्या आवाजात बोललेलं कानापर्यंत येत नाही, म्हणून आमचा कारभार खुणांवर चालतो. हेल्मेटवर थोपटलं की सगळं ठीक. एक हात सरळ वर उभा धरला की वाचवा. तो उभा हात दिसला की आधी दोरी फेकायची, विचार नंतर करायचा. नव्या गड्यांना मी हे शिव्या घालूनच शिकवतो, कारण गोड बोलून शिकवलेलं ऐन धारेत आठवत नाही.

दाइला थोपटायची इतकी सवय की तो घरीही तेच करतो. भाउजूने, म्हणजे त्याच्या बायकोने, विचारलं, "ताप उतरला का?" की याचा हात डोक्यावर. "भात पुरला का?" पुन्हा हात डोक्यावर.

"माझ्या चुलीपाशी कुठली नदी वाहतेय हो?" भाउजू करवादते. "देवाने तोंड दिलंय ना? पासाङ, सांग रे याला."

मी काय सांगणार! मी तिथे गुंद्रुकची, आंबवून वाळवलेल्या पाल्याची, आमटी ओरपायला गेलेला असतो.

पण एक गोष्ट दाइला आणि मला, दोघांनाच माहीत होती. दाइचा उजवा खांदा निखळतो. 'सासू' म्हणून एक धार आहे आमच्याकडे. दिसायला शांत, आणि मध्यावर गेलं की उचलून आपटते. तिथे कधीतरी पहिल्यांदा निखळला आणि तेव्हापासून निमित्तच शोधतो. दाइ एखाद्या खडकाआड जातो, दंड दगडाला टेकवतो, दात आवळून खांदा परत बसवतो आणि बाहेर येऊन डोक्यावर थोपटतो. पाहुणे टाळ्या वाजवतात.

साहुजीला हे सांगायची सोय नव्हती. आमचा मालक माणूस म्हणून वाईट नाही, पण चिरलेलं वल्हं तो ठेवत नाही.

"मग सोड ना दाइ," मी म्हणायचो.

"सोडून जाऊ कुठे?"

खरंच, कुठे जाणार? त्याचा बाप घाटावर होडी चालवायचा. पूल झाला आणि होडी उन्हात वाळून फुटली. माझी ही होडी आणि मासेमारीवर जगणारी जात, त्यांची जमीन म्हणजे काठावरचे धोंडे. सगळे कतारला मजुरीला निघाले तसा हाही निघाला होता, पण तपासणीत डॉक्टरने हात वर करायला लावला आणि खांद्यानेच घात केला. ज्या खांद्यामुळे नदी सोडायची, त्याच खांद्यामुळे नदी सोडता येत नव्हती. दर हंगामाआधी तो काठावर कोंबडा देतो. बाकीचे माझी लोक नदीकडे मासे मागतात, रक्षण मागतात. दाइ काय मागतो ते मी एकदा शेजारी उभा राहून ऐकलं. "आई, या वर्षी तरी मला सोड," एवढंच.

दशैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या सणाच्या, गर्दीत एके दिवशी साहुजी स्वतः माझ्या राफ्टमध्ये बसला. काठमांडूचे बडे पाहुणे होते, त्यांना नदी दाखवायची होती. 'सासू'ने आपला गुण दाखवलाच. पुढची बाई पाण्यात गेली. दाइने चार वल्ह्यांत तिला गाठलं, कयाकच्या टोकाला लटकवलं आणि माझ्यापर्यंत आणून सोडलं. मी तिला आत ओढत होतो तोवर लाटेने दाइला उलटं केलं. कयाक वाहून गेली आणि दाइ मधल्या खडकाला चिकटलेला दिसला.

मी हेल्मेटवर थोपटून विचारलं, ठीक?

त्याने थोपटलं. डाव्या हाताने.

दाइ उजव्या हाताचा आहे. राफ्ट कडेला लावली आणि दोरी फेकली. ती बरोब्बर त्याच्या छातीपाशी पडली, पण पठ्ठ्याने हात लावला नाही. माझ्या मागे उभ्या असलेल्या साहुजीकडे बघितलं आणि पुन्हा डोक्यावर थोपटलं. मग त्या थंड पाण्यात उडी टाकून एका हाताने पोहत, बुडत, वर येत तो काठाला लागला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मरायचंय का तुला?" मी खालच्या आवाजात खेकसलो.

"साहुजी बघतोय," तो म्हणाला. ओठ निळे पडले होते. उजवा हात त्याने लाइफजॅकेटच्या पट्ट्यात अडकवून ठेवला होता, सहज ठेवल्यासारखा. वाहून गेलेली कयाक खालच्या वळणावर सापडली, आणि एका खडकाआड खांदा बसवून येऊन तो पुन्हा तिच्यात बसला.

खाली वाळूवर उतरलो. पाहुणे चिउरा, म्हणजे पोहे, आणि बटाटे खात होते, मी दोरी पिशवीत भरत होतो. साहुजी खुशीत होता.

"सुकमान, आज तू माझी लाज राखलीस! दशैंभर रोज अशीच गर्दी आहे. उद्या सकाळी पुन्हा 'सासू'. ठीक ना?"

दाइचा डावा हात वर गेला. हेल्मेटपाशी आला आणि थांबला. मग तसाच सरळ वर गेला आणि उभा राहिला.

साहुजी खो खो हसला. "अरे, हा वाळूत बुडतोय!" पाहुणे हसले, ती वाचलेली बाईसुद्धा हसली. दाइ हसला नाही. हातही खाली आणला नाही.

माझ्या हाताने विचार केला नाही. हातातली पिशवी सुटली आणि दोरी वाळूवरून सरसरत त्याच्या पायापाशी गेली. लोक आणखीच हसले. दाइ वाकला. त्याने डाव्या हाताने दोरी उचलली, मनगटाभोवती एक वेढा घेतला आणि घट्ट धरली. हसणं हळूहळू थांबलं.

"हळू ओढ, पासाङ," तो म्हणाला. "दुखतंय."