टी-शर्ट काढून ये

"टी-शर्ट काढून ये. साधा ड्रेस घाल," संस्था चालवणाऱ्या ताई म्हणाल्या.

कार्यक्रम सुरू व्हायला थोडाच वेळ होता. सकाळपासून मी त्या हॉलमध्ये खुर्च्या लावत होते, वाटायच्या दप्तरांत वह्या भरत होते. संस्थेच्या सगळ्या स्वयंसेवकांच्या अंगावर निळा टी-शर्ट. माझ्याही. मला वाटलं, आज माझं भाषण आहे म्हणून सांगत असतील. बदलून आले.

मी दर्यापूर तालुक्यातली. गावाच्या बौद्धपुऱ्यातली. कॉलेजसाठी अमरावतीला आले आणि पहिल्याच वर्षी ताईंच्या संस्थेत गेले. बडनेऱ्याकडच्या एका वस्तीत आम्ही संध्याकाळी पोरांचा वर्ग घ्यायचो. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग फुटला. घरोघरी जाऊन बायांशी बोलायला शिकले. शाळा सुटलेल्या पोरींना हाताला धरून परत शाळेत नेलं. हेडमास्तरांसमोर मान वर करून उभी राहिले. हे सगळं त्या कामानं दिलं.

ताईंवर माझा जीव होता. त्या माझं बोलणं सुधारायच्या. "मले नाही, मला म्हण." मी म्हणायचे. एकदा त्यांना घरचं सांगितलं. बाबा वारले त्या वर्षी आई लग्नघरी भांडी घासायची आणि उरलेलं वरण-पोळी आम्हा लेकरांसाठी घेऊन यायची. आई हे कोणाजवळ बोलत नाही. सांगताना मी रडले. ताईंनी मला जवळ घेतलं.

स्टेजवर माझं नाव पुकारलं. पुढे देणगीदार पाहुणे, मागे वस्तीतली पोरं आणि त्यांच्या आया. त्यांच्यात माझी आई. माझं भाषण ऐकायला गावाहून एसटीनं आली होती.

ताईंनी माइक मला दिलाच नाही. स्वतः बोलल्या.

"ही आमची लाभार्थी. हिची आई लग्नातलं उष्टं मागून आणायची, त्यावर ही वाढली. यांच्यात शिक्षणाचं वातावरणच नसतं. आमच्याकडे आली तेव्हा हिला धड बोलताही येत नव्हतं."

उरलेलं म्हणाले होते मी. उष्टं नाही.

पुढच्या रांगा हळहळल्या. आईनं तोंडावर पदर घेतला. शेजारच्या बाया वळून तिच्याकडे पाहत होत्या. पाहुण्यांनी दप्तर पुढे केलं. फोटोवाला मला म्हणाला, "थोडं वाका."

नाही वाकले. माइक ओढून घेतला. सुधारलेली मराठी तेव्हा आलीच नाही.

"मी लाभार्थी नाही. वस्तीतला वर्ग मीच घेऊन राहिली. हे दप्तर सकाळी मीच भरलं. अन् माह्या मायनं उष्टं नाही आणलं, राबून आणलं. ताई, तुमाले इश्वासानं सांगतलं होतं. तुमी ते काहून विकलं?"

माइक बंद झाला. निळ्या टी-शर्टातलं कोणीच जागचं हललं नाही. जिच्यासोबत रोज एका डब्यात जेवले, ती मैत्रीण कुजबुजली, "एवढं काय झालं?"

आईला घेऊन मी स्टँडवर आले. गाडी लागल्यावर ती म्हणाली, "तुनं तिले कायले सांगतलं?"

ती गाडीत चढली. त्यानंतर ती अमरावतीला आलेली नाही.

आठवड्याभरानं ताईंचा फोन आला. "अगं, तुझ्या भल्यासाठीच बोलले. असं काही ऐकल्याशिवाय लोक हात सैल सोडत नाहीत. झालं गेलं सोड. माफी माग आणि ये परत."

"माफी तुमी माह्या मायची मागा," मी म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला. आजपर्यंत मागितलेली नाही.

वर्ग मी सोडला नाही. वस्तीतल्या बायांनी विहाराची खोली दिली, आता तिथे घेते. मध्यंतरी एक गृहस्थ वह्या घेऊन आले. म्हणाले, सगळ्यात गरीब पोरगं कोणतं ते दाखवा, त्याच्यासोबत फोटो घेऊ. मी त्यांना वह्यांसकट परत पाठवलं. पोरं हिरमुसली. ते मी पाहिलं, तरीही पाठवलं.

शिकवणं मी सोडणार नाही. पण कोणाच्याही घरची भूक स्टेजवर मांडून एक पेन्सिलसुद्धा घेणार नाही. आणि ताईंना या खोलीत यायचं असेल, तर आधी आमच्या गावी जावं लागेल. माझ्या आईसमोर बसावं लागेल. तोवर हे दार त्यांच्यासाठी बंद.