न वाचलेलं वाक्य

देवावर माझी श्रद्धा आहे, असं मी पूर्वी छातीठोकपणे सांगायचो. आता सांगताना जीभ अडखळते. मी गडचिरोलीकडच्या एका रेडिओ केंद्रावर निवेदक आहे. पावसाळ्यात भामरागडकडची गावं तुटतात, मोबाईलचे टॉवर बंद पडतात. तेव्हा सकाळी आम्ही लोकांचे निरोप वाचतो. घरोघरी ते कान देऊन ऐकतात.

त्या दिवशी दवाखान्यातून एक तरुण आला. नुकताच बाप झालेला. गावातल्या आईसाठी त्यानं निरोप लिहवून घेतला, "पोरगी झाली. दोघीबी बऱ्या हायेत. नाल्याले पूर हाये, पाणी उतरेपर्यंत येऊ नोको." जाता जाता म्हणाला, "आमच्या घरी नाव आजीच ठेवते, भाऊ. आयकलं का निघनच थे."

निरोपांनंतर देवीचं भजन होतं, माझ्या आवडीचं. ते मधेच तोडायचं माझ्या जिवावर आलं. वेळ कमी होता, म्हणून निरोप छाटले. शुभवार्तेला नकाराची शेपटी कशाला, असं म्हणत त्याचं शेवटचं वाक्य मी गाळलं आणि डोळे मिटून भजन ऐकत बसलो. केवढा शहाणा मी!

आठवड्यानं पाणी उतरलं आणि तो आईला घेऊन केंद्रावर आला. म्हातारीनं माझे हात धरले. "भाऊ, तुमच्या रेडिओनं बोलावलं मले. नाईतं मले कुठी समजलं असतं?" निरोप ऐकताच ती एकटी निघाली होती. नाल्यात पाय घालणार तोच बांबूचे कोंब वेचणाऱ्या एका बाईनं तिचा दंड धरला आणि "बस इथीच," म्हणून दरडावलं. पाठोपाठ पाण्याचा लोंढा आला. म्हातारी भानावर येऊन बघते तर बाई निघून गेलेली. आजूबाजूच्या गावांत तिला कुणी ओळखत नाही. "आमची देवीमायच होती थे," म्हातारी म्हणाली. ती कोण होती, मला ठाऊक नाही. माझ्या अंगावर मात्र काटा आला.

मुलगा खाली मान घालून उभा होता. दवाखान्यात त्यानंही रेडिओ ऐकला होता. आईसमोर तो एक शब्द बोलला नाही, आणि तेच मला सोसेना. मी म्हणालो, "आई, यानं येऊ नको असं सांगितलं होतं. मी ते वाचलंच नाही."

तिनं माझे हात सोडले. मग म्हणाली, "माय काऊन आली, थे आता समजलं."

आता मी निरोप शब्द न् शब्द वाचतो. वेळ उरला तर भजन लागतं, नाही तर नाही, देवीची मर्जी. रोज दिवा लावतो, तिचे उपकार मानतो. पण माझी चूक निस्तरायला तिला पुरापर्यंत यावं लागलं, हे आठवलं की तिच्यासमोर मान वर होत नाही.